कोरडा महिना

२८ जानेवारी

आज पुण्याच्या एका जोडप्याला पाण्यात उतरूच दिलं नाही. नावं नोंदवायच्या टेबलावर नेहमीसारखं विचारलं होतं, परत जाणार कधी, कशाने? नवरा म्हणाला, उद्या, गाडीने. बरं. होडी किल्ल्यामागे पोचली, दोघांच्या अंगावर सूट चढले, आणि बायको फोनवर आईला सांगते – "आज रात्री आठला उतरतो गं." इंजिनाच्या आवाजातही माझ्या कानांना असलं बरोबर ऐकू येतं. पुण्याची गाडी आठला उतरत नाही. विमान उतरतं.

मग समजावणं आलं. पाण्याखाली दाबामुळे हवा अंगात मुरते. ती सावकाश निघून जायला वेळ लागतो. त्याआधी उंच गेलात तर आतल्या आत तिचे बुडबुडे होतात, सांध्यात, मणक्यात – सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखं. एकदाच उतरलात तर बारा तास थांबा, जास्त वेळा उतरलात तर अठरा. मी सरसकट चोवीस सांगतो. नवरा म्हणतो, "तुम्ही स्कूबावाले आहात की एअरपोर्टवाले?"

वरवर पोहवून परत आणलं. धक्क्यावर शेजारचा होडीवाला वाटच बघत होता – "भाई, तुमी तिकीट तपासनीस कधीपासून झालास?" हसलो. पण थकायला होतं. पंधरा वर्षं तेच ते बोलतोय.

१ फेब्रुवारी

आजपासून मी पाण्यात उतरणार नाही. लेकीची, रियाची, बाळंतपणाची तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. वीस तारखेची आमची नवराबायकोची तिच्याकडे बंगळूरला जायची तिकिटं आहेत, पण बाळंतपण तारीख बघून येत नाही. फोन आला की त्याच दिवशी विमानात बसता आलं पाहिजे. म्हणजे अंग कोरडं पाहिजे. पर्यटकांना माझ्या हाताखालचा दीपेश उतरवील. तो माझ्यापेक्षा चांगला शिकवतो, हे त्याला सांगायचं नाही.

रिया झाली तेव्हा मी रेडी बंदरात होतो. एका ट्रॉलरच्या पंख्यात जाळं गुंतलं होतं, ते कापायला पाण्याखाली. तेव्हा स्वतःची होडी नव्हती, लोक बोलावतील तिथे बुडी मारायची. घरी पोचलो तर मुलगी तीन दिवसांची. बायको, मथुरा, अजून भांडणात ते काढते. भांडण कशाचंही असो.

८ फेब्रुवारी

दीपेशच आडवा झाला! परवा तीन खोल बुड्या मारल्या – ओळखीच्या मंडळींना मोठा खडक बघायचा होता – आणि संध्याकाळी मोटरसायकल काढून आंबोलीला सासुरवाडीला गेला. घाट चढता चढता कोपर ठणकायला लागलं. सासूने, खुळीने, रात्रभर तेल चोळलं – बुडबुडे तेलाने जातात होय! काल गोव्याला दाबाच्या टाकीत नेला. ऑक्सिजन देतात, पुन्हा खोल नेल्यासारखा दाब देतात, हळूहळू वर काढतात. सुटला. पण महिनाभर पाणी बंद.

"भाई, इमानात खंय बसलंय मी? घाट तर चढलंय."

यालाच मी शिकवलं! विमान, विमान करत राहिलो. आपला घाटही उंचच की. आमच्या किनाऱ्यावर विमानं कालपरवा आली, घाट जन्मापासूनचा आहे, म्हणून तो कोणाला उंच वाटतच नाही. मलाही वाटला नव्हता.

आता टेबलावर दुसरा प्रश्न – घाट कधी चढणार? कोल्हापूरवाले हसतात. हसू देत.

१३ फेब्रुवारी

कोरडा तेरावा दिवस. धक्क्यावर बसून चहा पितो आणि लोकांची बोलणी ऐकतो. म्हातारपण असंच असणार.

१६ फेब्रुवारी, सकाळ

मासेमारीवाला बाबली उजाडता दारात. "भाई, नांगर अडाकलो हा. बारा वाव पाणी. नवो दोर, कापूक जीव होणा नाय."

बारा वाव म्हणजे सत्तरेक फूट. दीपेश बंद. दुसऱ्या कोणाचं नाव घेऊन बघितलं. बाबली दारातून हलेना. माझी पहिली होडी दुरुस्त होत नव्हती तेव्हा याच माणसाने स्वतःची दिली होती, महिनाभर. तो ते कधी बोलत नाही. बोलला असता तर नाही म्हणता आलं असतं.

म्हटलं, रियाला अजून दोन आठवडे आहेत. एकदाच खाली जाऊन येऊ.

पाच वेळा जावं लागलं. नांगर खडकाच्या कपारीत, पाणी गढूळ. डाव्या हाताने खडक धरून उजव्याने ओढ. अकराला निघाला. बाबली खूश. मी भिजून घरी.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

एक वाजता जावयाचा फोन. गुरुप्रसाद कधी घाबरत नाही, आज घाबरला होता. रियाचं पाणी गेलंय, दवाखान्यात नेलंय. "सहाचं गोव्यातल्या मोप्याहून विमान आहे. दोघांची तिकिटं काढतो."

"मी सकाळी पाण्यात उतरलो होतो," म्हटलं.

तो म्हणाला, "बाबा, तासाभराचं तर विमान. एवढ्यात काय होतंय?"

पंधरा वर्षं मी हेच वाक्य ऐकतोय. तोंडावर उत्तर तयार असतं. आज म्हटलं, बघून कळवतो.

गाडीने जावं? पण बंगळूर घाटावर. कुठूनही जा, चढावं लागणारच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मधल्या पट्टीत मी.

मथुरा बॅग भरता भरता ऐकत होती. ती कुडाळच्या पुढे कधी एकटी गेली नाही. "तिच्या येळाक तुमी समुद्रात. आता तिच्या पोराच्या येळाक पण समुद्रच." मी म्हटलं, जातो मी पण, बसतो विमानात. तेव्हा माझ्याकडे नीट बघितलं.

"लोकांका काय सांगतास ता माका पाठ आसा. चला. माका सोडा."

विमानतळाच्या दारापर्यंत सोडली. आतून फोन – "इहिरीचा पाणी न्हेऊक देणत नाय ओ. बाटली ओतूक लावल्यांनी." मग विमानातून परत – "खिडकीकडे बसलंय."

येताना गिअर टाकताना डावा खांदा ठणकत होता. सकाळभर ओढाओढ. मीठ घालून शेकतो. माझं विमान उद्या संध्याकाळचं. चोवीस तास होऊन वर सहा-सात.

१७ फेब्रुवारी

पहाटेच मथुराचा फोन. मुलगी! दोघी बऱ्या. मागे रडणं ऐकू येत होतं – बारीक, पण खणखणीत. ऐकता ऐकता फोन हातातून पडला. डाव्या.

उचलायला गेलो. बोटं मिटेनात. खालून मथुराचा आवाज – "ओ, रडतास काय?"

"होय," म्हटलं. उजव्या हाताने फोन उचलला.

खांदा शेकला होता रात्री. मीच! दीपेशच्या सासूला नावं ठेवणारा मी.

दीपेशला बोलावलं. त्याने माझी बोटं दाबून बघितली, सुई टोचली, कळते का विचारलं. करंगळीला कळत नव्हती. "भाई, काल तुमी इमानात असतास तर..." त्यानेच गाडी काढली. गोव्याला, किनाऱ्याकिनाऱ्याने.

१८ फेब्रुवारी

टाकीत पाच तास. आत वाचायला काही नेऊ देत नाहीत. रडणं आठवत पडलो. मथुराला एवढंच कळवलं – विमान चुकलं. तिने फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा टाकीतून बाहेर. मूठ मिटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार आठवडे विमान नको, घाट नको. पाण्याखाली आता परत कधीच नको. दीपेश खाली बघत उभा होता.

विचारलं – म्हणजे चार आठवड्यांनंतर कधीही उडता येईल?

"कधीही."

मथुराला सगळं खरं सांगितलं. तिने फोन पोरीच्या तोंडाशी धरला, रडणं ऐकवलं. मग म्हणाली, "या सावकाश. नाव ठेवूक थांबतंव."