जवळजवळ निर्दोष तीन खेळ

देऊळवाडी, ता. पोलादपूर
वैशाखातला मंगळवार

चि. राजेश,

तुला, सूनबाईला आणि दोन्ही मुलांना तुझ्या काकीचे आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल असं धरून चालते. गेला नसेल तर अडुळशाचा काढा घे आणि पंख्याखाली झोपू नकोस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी आई तर इतकी खुशाल आहे, की त्याबद्दलच हे पत्र लिहावं लागतंय.

आई आठवडाभर फोन उचलत नाही म्हणून तू काशीरामच्या दुकानात फोन केलास आणि रडवेल्या आवाजात 'आईला काय झालं का' असं विचारलंस, हे मला कळलं. (सगळ्या वाडीला कळलं. काशीरामने ते आवाजासकट करून दाखवलं, आणि लोकांनी पुन्हा करायला लावलं.) तिला काहीही झालेलं नाही. तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात, एवढंच. कशात, ते सांगते. मध्ये बोलू नकोस. म्हणूनच फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू दर वाक्याला 'हो काकी, बघतो काकी' म्हणतोस आणि बघत काहीच नाहीस.

शिमग्याला आपल्या मुंबई मंडळाची सभा झाली. तू नव्हतास, म्हणून सांगते. सेक्रेटरी सुनील उतेकर याने उभं राहून असं मांडलं की मुंबईची मुलं गावी यायला कुरकुरतात, आली तर दुसऱ्या दिवशी कंटाळतात आणि तिसऱ्या दिवशी परतीची एसटी विचारतात. यावर उपाय म्हणून मंडळाने आपल्या समाजमंदिरात मोठा टीव्ही आणि व्हिडिओ गेमचं यंत्र बसवलं. सुनीलने त्यात पाटीभर खेळ भरून आणले आणि अट घातली की त्यातले तीनच ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे. ते तीन मात्र निर्दोष पाहिजेत. मारामारी नको, जुगार नको, मुलांना वळण लागलं पाहिजे आणि आईबापांना तक्रारीला जागा राहता कामा नये. शिवाय मुलं या यंत्राचा उपयोग करतात की नाही ते बघायला येत्या रविवारी कमिटी येणार आहे. करत नसतील तर यंत्र वरच्या वाडीला जाणार. वरच्या वाडीला, राजेश! ज्यांनी आपली मोठी सतरंजी लग्नाला म्हणून नेली आणि त्या लग्नातल्या मुलीची मुलगी आता लग्नाला आली तरी परत केली नाही, त्यांना!

निवडीचं काम एकमताने माझ्याकडे आलं. वाडीत राहणाऱ्यांत बी. ए. झालेली मी एकटी, आणि महाड आगाराच्या ऑफिसात सगळी नोकरी काढल्यामुळे दोष शोधण्याचा मला सराव. (पहिल्या फेरीत माझ्या टेबलावरून सुटलेला रजेचा अर्ज आगाराच्या इतिहासात नाही.) बंदुकांचे खेळ मी पहिल्याच सकाळी काढले. एका खेळात एक धटिंगण दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडतो, त्याला कॉलर धरून खाली ओढतो आणि गाडी घेऊन पसार होतो. तो बंद करून टीव्हीवर पंचा टाकला. एका खेळात बाहुलीला कपडे घालायचे होते, कपाट भरून कपडे होते, त्यात एक साडी नव्हती. नामंजूर. एकात नुसत्या उड्या मारत डोंगर चढायचा होता. तो वेळखाऊ म्हणून बाजूला ठेवला.

उरलेल्यांची चाचणी एखाद्या मुलाकडून करून घ्यावी असं माझ्या मनात होतं. पण वाडीत मूल म्हणावं असं एकच आहे, आवडीबाईचा नातू, आणि तो अकरा महिन्यांचा आहे. त्याने रिमोट (सुनील त्याला कंट्रोलर म्हणतो) चाखून पाहिला, पुन्हा चाखला आणि मत दिलं नाही. तेव्हा चाचणीसाठी मोठी माणसं घेणं भाग पडलं. हे वाक्य नीट लक्षात ठेव. यापुढे जे जे घडलं ते चाचणी म्हणून घडलं.

मोटारीच्या शर्यतीसाठी भिकूभाऊजींना बसवलं. तुला ते आठवत असतीलच. आंबेनळी घाटात उभा जन्म एसटी चालवली आणि विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर लावून घरी आले. (तो बिल्ला आजही लग्नकार्यात लावतात.) शर्यत सुरू झाली, बाकीच्या गाड्या सुसाट गेल्या, यांची जागची हलेना. मला वाटलं यंत्र बिघडलं. तर हे शांतपणे म्हणतात, "डबल बेल मारल्याबिगर गाडी हलायची नाय." शेवटी काशीराम धावत देवळात गेला आणि घंटेचे दोन टोल दिले, तेव्हा गाडी निघाली. प्रत्येक वळणावर हॉर्न, प्रत्येक उतारावर दुसरा गिअर (त्या खेळात गिअर नाही, पण त्यांनी तोंडाने टाकला). रस्त्याच्या कडेला शर्यत बघणारे लोक हात हलवत होते, तर यांनी गाडी थांबवली. मी म्हटलं, भाऊजी, ते प्रेक्षक आहेत. "हात दाखवतायत ना? मग! शेवटची गाडी असली तर बिचारी जातील कुठं?" असं करत करत भाऊजी पोचले तेव्हा बाकीचे बक्षीस घेऊन घरी गेले होते आणि पडद्यावर 'शेवटचा' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत झळकत होतं. मी ते वाचून दाखवलं नाही. गाडीला एक ओरखडा नव्हता. समाजमंदिरात टाळ्या पडल्या, आवडीबाईने गाडीच्या नावाने नारळ फोडला, आणि भाऊजी दुसऱ्या दिवशी बिल्ला लावून आले ते रोज लावून येतात.

दुसरा खेळ शेतीचा. त्यात टोमॅटो पेरले की डोळ्यांदेखत पिकतात. ठकूबाईला बसवलं, कारण वाडीत शेतीतलं तिच्याइतकं कुणी बोलत नाही. तिने आधी बांध कुठे आहे ते विचारलं. मग पडद्याच्या चारी कोपऱ्यांत निरखून बघितलं आणि म्हणाली, "वानरं कुठून येत्यात?" मी म्हटलं, यात वानरं नाहीत. "डुक्कर?" तेही नाही. "मग ह्ये शेत कुणाचं हाय गो, सरकारचं?" आजवर वानर नसलेलं शेत तिने पाहिलेलं नाही, त्यामुळे वानरं दबा धरून बसली आहेत असाच तिचा समज झाला. तेव्हापासून ती काठी आणि रिकामा तेलाचा डबा घेऊन राखणीला येते. पीक काढायला ठाम नकार देते, कारण काढून ठेवलेलं जास्त पळवतात. मधूनच डबा बडवते. परवा तिने तो बडवला तेव्हा भिकूभाऊजींना डबल बेल वाटली आणि ते घरी निघाले.

आणि आता तुझी आई. (बस. उभा राहून वाचत असशील तर बस.) तिसरा खेळ विटांचा. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून खाली अशा बसवायच्या की फट राहू नये. जाऊबाईंनी आयुष्यभर पेंढ्याच्या उडव्या रचल्या, त्यामुळे त्यांचा हात असा बसला की मी बघत राहिले. पहिली ओळ काठोकाठ भरली आणि नियमाप्रमाणे नाहीशी झाली. जाऊबाईंनी रिमोट खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ती पदरात लपवली होती. मी समजावलं, ओळ पुरी झाली की ती जाते, त्याचेच गुण मिळतात. "चांगलं रचलेलं न्यायचं आणि वर गुण द्यायचं? कुणाचा न्याय हा?" दुसऱ्या डावापासून त्यांनी युक्ती काढली. प्रत्येक ओळीत एक भोक ठेवतात. मुद्दाम, नेमकं एक. त्यामुळे एकही ओळ जात नाही, उडवी सरळ वरपर्यंत चढते आणि खेळ संपतो. संपताना यंत्र जे रडकं संगीत वाजवतं ते त्यांना आरती वाटतं. त्या हात जोडतात. गुण शून्य. एवढे शून्य गुण इतक्या वेळा मिळवणारी बाई जगात दुसरी नसेल, आणि इतकी आनंदी तर नसेलच. मी एकदा रागावून विचारलं, जाऊबाई, भोक बुजवायला काय होतं तुम्हाला? तर वीट फिरवत म्हणाल्या, "ओळ पुरी झाली की मुंबईला जाते गो. म्हणून ठेवते एक भोक." सगळे इतके हसले की ठकूबाईला ठसका लागला. मीही हसले. मग सगळे पुन्हा पडद्याकडे बघायला लागले, विटा जोरात पडत होत्या म्हणून असेल.

तर निवड झाली आहे. मोटारीचा, शेतीचा आणि विटांचा. पूर्ण निर्दोष एकही नाही. पहिल्यात प्रवाशांची सोय नाही, दुसऱ्यात वानरं नाहीत आणि तिसऱ्यात नीट काम करणाऱ्याचं काम काढून घेतात. पण दोष कळलेले आहेत आणि वाडीने आपापल्या परीने दुरुस्त केलेले आहेत, तेव्हा जवळजवळ निर्दोष असा शेरा मी मारला आहे. मी कधी कुणाला यापेक्षा चांगला शेरा दिलेला नाही, हे तुझे कैलासवासी काका सांगू शकले असते.

इकडे पापड लाटायचे राहिलेत, भजनी मंडळाची वेळ दोनदा पुढे ढकलली आणि पाळ्यांवरून भांडणं होऊ लागली म्हणून मी एसटीसारखं वेळापत्रक लावलं आहे. एरवी सर्व ठीक. सूनबाईला सांग की तिच्या सासूला फोन करायचा तर जेवणाच्या वेळी करावा. तब्येतीला जप.

तुझी,
जानकीकाकी

ता. क. यंत्राचा उपयोग मुलं करतात की नाही ते बघायला कमिटी रविवारी येते आहे, हे वर लिहिलंच आहे. आवडीबाईचा नातू एकटा पुरा पडणार नाही. तो रिमोट खातो. तरी राजनंदिनी आणि ओम यांना शनिवारच्या गाडीने पाठवावं. त्यांनी टीव्हीसमोर बसावं आणि मजा येतेय असं दिसावं, इतकंच काम आहे. त्यांच्याबरोबर इमारतीतली आणखी चार पोरं पाठवलीस तरी चालतील, कमिटी आडनावं विचारणार नाही. सुट्टी असल्यामुळे परत न्यायची घाई करू नये. यंत्र वरच्या वाडीला गेलं तर तुझी आई पुन्हा दिवसभर ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसेल, आणि मला ते बघवत नाही. हे तिला सांगू नकोस.

ता. क. २. ओमला विचार, उड्यांच्या खेळात धबधब्याच्या मागचं दार कसं उघडतं. वेळखाऊ म्हणून मी तो बाजूला ठेवला होता, बाजूलाच आहे. चाचणी अजून पूर्ण व्हायची आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करताना जाऊबाई आल्या आणि काय लिहिलंस म्हणून वाचायला लावलं. (पहिल्या ता. क.मधली शेवटची दोन वाक्यं मी गाळली.) पोरं येणार हे ऐकल्यावर तडक उठल्या. समाजमंदिरात गेल्या आणि आज पहिल्यांदा भोक बुजवून एक ओळ पुरी केली. "गेली गो. आता ती पोचंल मुंबईला नि सांगंल त्यांना, या म्हणून." एवढं म्हणून डोळे पुसले, आणि मग मला हाक मारून हेही लिहायला सांगितलं, की पोरांनी खुशाल यावं, हवं तितकं राहावं, त्यांच्यासाठी जीव टाकीन, पण दुपारची पाळी माझी आहे. तेव्हा त्यांनी नदीवर जावं.