अंगातलं मीठ

२१ डिसेंबर २०१३, नाकाडोंगरी

प्रतिक्षाचा शोधनिबंध छापून आला! लेक सकाळी पुण्याहून आली आणि ते इंग्रजी मासिक तिने माझ्या हातात ठेवलं. तिचं नाव सगळ्यांत वर — आमच्या आडनावासकट. मी जन्मभर खाणीच्या हजेरी खात्यात लोकांची नावं लिहिली. आपल्या घरचं नाव असं छापलेलं आज पाहिलं. आतलं काही समजलं नाही. ‘एकवीस-हायड्रॉक्सिलेज’ एवढं म्हणायला शिकलो. जीभ वळता वळत नव्हती!

२२ डिसेंबर

जेवताना वच्छलाने लेकीला विचारलं, "बाई, तू करतं काय तिथं?"

प्रतिक्षाने सांगितलं — मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. तिथे स्टेरॉइड हार्मोन तयार होतात. ते तयार करायला एन्झाइम लागतं, एकेका कामाला एकेक. तिचं काम त्यातल्या एकावर, कालच्या त्या एकवीस-हायड्रॉक्सिलेजवर.

"अन् थे जन्मताच नसलं तं?"

"तं अंगातलं मीठ टिकत नाही, आई. लघवीवाटे निघून जाते. बाळ जन्मतं तवा चांगलं दिसते. मंग ओकाऱ्या होतात, सुकत जाते..."

वच्छलाचा हात ताटातच राहिला. आमचा पहिला मुलगा असाच गेला. १९८२ साली. आईचं दूध बाधलं, असं गावभर झालं होतं. त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही. प्रतिक्षाला माहीतच नव्हतं. आज वच्छलाने सगळं सांगितलं.

"तुझ्या दुधात काही दोष नव्हता, आई."

वच्छला रडली नाही. म्हणाली, "पुन्हा सांग."

प्रतिक्षाने पुन्हा सांगितलं.

२३ डिसेंबर

प्रतिक्षा परत गेली. जाताना बजावलं — हा दोष आई आणि बाप, दोघांकडून आला तरच रोग होतो, आणि आपल्याकडे नात्यात लग्नं. आमची सून, अंकुशची बायको रेणू, ही वच्छलाच्या भावाचीच मुलगी. "रेणूला बाळ झालं की रक्त तपासा, बाबा. लगेच!"

३ जानेवारी २०१४

अंकुशला मुलगा झाला! मी आजोबा!

रक्त तपासायचा विषय काढला तर अंकुश म्हणतो, "कायले सुया टोचता बाबा? पोरगा धडधाकट हाये." प्रतिक्षा फोनवर भावाला खूप बोलली. ऐकेल तर शपथ.

१५ जानेवारी, भंडारा

बाळ कालपासून पीत नव्हतं. सकाळी ओकाऱ्या. वच्छलाने मांडीवर घेतलं, खोल गेलेल्या टाळूवर बोट ठेवलं आणि ओरडली, "हे मी पाह्यलं हाये! गाडी बोलवा!"

दवाखान्यात अंकुशने ताईला फोन लावून सरळ डॉक्टरांच्याच हातात दिला. मला एकच बाजू ऐकू येत होती — "हो मॅडम, सोडियमसाठी रक्त पाठवतो... हो मॅडम, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आहे..."

मॅडम! माझ्या लेकीला!

सोडियम, म्हणजे अंगातलं मीठ, फारच खाली निघालं. सलाइन आणि इंजेक्शन सुरू आहे. आता नुसतं बसायचं.

१६ जानेवारी

डोळे उघडले. प्यायलं!

१८ जानेवारी

प्रतिक्षा आली. डॉक्टरांनी आणखी दोघांना बोलावून घेतलं — "यांचं संशोधनच याच्यावर आहे." तिघं ऐकत होते आणि माझी पोर बोलत होती. मी भिंतीला टेकून उभा. छाती अशी भरून आली की खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलो.

औषध जन्मभर द्यायचं. ताप आला की मात्रा वाढवायची. अंकुश दारात उभा होता. "ताई, चुकलं माझं."

"बस इथं. गोळी तुलेच द्या लागन. नीट पाहून घे."

अजून सोनोग्राफी आणि गुणसूत्रांची तपासणी करायला लावली आहे. कशासाठी, ते नंतर सांगीन म्हणाली.

७ फेब्रुवारी, नाकाडोंगरी

रिपोर्ट आले. बाळ मुलगी आहे. पोटात गर्भपिशवी आहे. ते एन्झाइम नसलं की पुरुषी हार्मोन वाढतात, मग मुलगीही जन्मताना मुलासारखी दिसू शकते — प्रतिक्षाने फोनवर सावकाश समजावलं. अंकुशने रिपोर्ट दोनदा उलटून पाहिले.

रेणूने पदर सावरला, बाळाला छातीशी घेतलं. "इतके दिवस मी हिलेच पाजून राहिली न? मंग बदललं काय?"