पट्टी नसलेले परागकण

३ मे, रोहा
प्रबंधातला तक्ता दोन करायला बसले. खारजमिनीतल्या भाताचे परागकण साध्या जमिनीतल्यांपेक्षा किती लहान राहतात, एवढंच मोजायचं. सॉफ्टवेअर म्हणतं, स्केल नाही.
सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोच्या मूळ फाइलीत मोजमाप आत लिहिलेलं असतं. त्या फाइली अवजड, कॉलेजचा कॉम्प्युटर भरला, म्हणून गेल्या ऑक्टोबरात मीच उडवल्या. ठेवले जेपीजी. शिवाय चित्र सुंदर दिसावं म्हणून खालची मोजपट्टीही बंद केलेली. शहाणी!

५ मे
काचेवर कोरलेली मोजपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून नवा फोटो घेतला, त्यावरून जुन्यांना स्केल लावलं. एकशे चाळीसपैकी एकसष्ट वाचले. बाकीचे गाइड मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवायला कापून, लहान करून ठेवलेले. कुठला किती लहान केला, देव जाणे. वाचलेल्यांत खारजमिनीतले फक्त चार. रडले. मग चहा.

७ मे
गाइड मॅडमचा फोन. "अगं, भाताचा कण साधारण केवढा असतो माहितीये ना? त्यावरून पट्टी लाव आणि जूनमध्ये सबमिट कर."
कणावरून पट्टी, मग त्याच पट्टीने तोच कण मोजायचा! आधी कळस मग पाया. नाही म्हटलं. फोन ठेवल्या ठेवल्या मुदतवाढीचा अर्ज केला.

९ मे, कासू
हिराकाकीकडे. गेल्या वर्षीची फुलं तिच्याच खारीतली, नव्या फोटोंनाही तिथलीच हवीत.
"काकी, यंदा भात लावणार ना?"
"कशाचा भात गो! बांधाला खांड परली हाय, खारं पानी आत येतंय. घरटी एक मानूस जातोय बांधाला. माजा पोर कंपनीत, त्याला शिफ्ट सोडता येत नाय. आमची पाळी कोन भरील?"
"मी येते."
"तू? कालेजातली बाय?" पदर तोंडाला लावून हसली. हसू दे.

१२ मे
सकाळपासून बांधावर. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे. कंबर गेली. सगळे मला "हिराकाकीच्या घरचं मानूस" म्हणत होते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
खांड बुजली. बांध टिकला तर पावसाळ्यात भात, ऑक्टोबरात फुलोरा. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवणार, एकही न कापता.
मुदतवाढीवर मॅडमचं, विद्यापीठाचं, कुणाचंच उत्तर नाही.
परवा अमावास्येचं उधाण. काकी म्हणते, नवा चिखल पहिल्या मोठ्या भरतीलाच काय ते सांगतो. परवाची कॉलेजातली परीक्षेची ड्युटी बदलून घेतलीय. पाणी चढेल तेव्हा मला तिथे उभं राहायचंय.