बिनखताचा वाफा

३ जून. सकाळी ६.१०
आजपासून शिस्त. पाचला उठायचं, चहा एकच, कुणावर चिडायचं नाही.
फार्मवर मक्याचे सहा वाफे तयार आहेत. पाच वाफ्यांना युरिया, सहावा बिनखताचा. प्रत्येकात एक पालथा डबा. अर्ध्या तासात तीनदा सुईने डब्यातली हवा काढायची, बाटलीत भरून लॅबला द्यायची. खतातलं किती नत्र हवेत उडून गेलं ते कळतं. सगळी तुलना सहाव्याशी, म्हणून त्याला खताचा दाणाही मिळता कामा नये. रिपोर्ट गेला की विभागप्रमुख मीच. डायरेक्टर परवा माझ्याकडे बघून हसले.

५ जून
युरिया दिला. दिवसा घरी कुणी नसतं, म्हणून वडिलांना, आप्पांना, बरोबर आणलं. झाडाखाली खुर्चीत बसवलं. भर उन्हात अंगात कोट. म्हणे थंडी वाजते. ऐंशीच्या पुढे वाजणारच.

८ जून
आप्पा सकाळपासून म्हणताहेत, मुतारीचा वास येतोय, तुझं खत उडून चाललंय. जन्मभर शेती केली म्हणून विज्ञान कळतं असं नाही. नाकावर रिपोर्ट लिहिता येत नाही असं सांगितलं. शांतपणे सांगितलं.
संध्याकाळी लॅबच्या मॅडमचा फोन आला. पाचही वाफ्यांचं नत्र भराभर उडतंय. योगायोग.
चहा चार.

१२ जून
ताईचा फोन. आप्पांचा आवाज खोल गेलाय, डॉक्टरला दाखव म्हणाली. मी म्हटलं, खत दिल्यावरचे पहिले दिवसच महत्त्वाचे असतात, वीस तारखेनंतर नक्की दाखवतो. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१५ जून
सहावा वाफा ठरल्याप्रमाणे पिवळा पडतोय. फार आनंद झाला. आप्पांना मात्र चैन नाही. विचारत होते, पाच लेकरांना वाढलंस आणि एकाला उपाशी ठेवलंस, त्याने तुझं काय घोडं मारलंय? कंट्रोल प्लॉट म्हणजे काय ते मी पाऊण तास समजावलं. मान डोलावली त्यांनी. मी शिकवायला बसलो की कुणालाही कळतं.
जेवणाचा डबा तसाच परत नेला आप्पांनी. ऊन फार होतं.

१९ जून
घात! बिनखताच्या वाफ्यातून सगळ्यात जास्त नत्र उडालं. मॅडमना म्हटलं, मशीन बिघडलंय. त्या म्हणाल्या, कालच तपासलंय. मग बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. मुकादमाला झापलं. तो म्हणाला, साहेब, बाटल्या तुम्हीच भरता.
रजिस्टरमध्ये ‘यंत्रदोष’ लिहिलं. चिडलो नाही, आवाज जरा चढला इतकंच.

२४ जून
पुन्हा तेच. मक्याला गर्द हिरवी काळोखी चढली, तीही फक्त सहाव्याला. रखवालदारावर संशय आहे. उद्यापासून पाळत ठेवायची.
डॉक्टरचं राहिलं. सोमवारी नक्की.

२७ जून. दुपारी
आप्पा खुर्चीतून उठताना पडले. उचललं, तर हातात वजनच लागेना. मुकादमाने गाडी काढली. तिसऱ्यांदा हवा काढायची राहिली.
हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, जेवण कधीपासून कमी झालं? वजन किती होतं, किती उतरलं? सहा वाफ्यांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे मला तोंडपाठ आहेत. याची एकही तारीख माझ्याकडे नव्हती. वय झालंय, म्हणालो. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

२ जुलै
आप्पा पहाटे गेले. ताई दोन तास आधी पोचली होती. तिने मला एका शब्दानेही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

३ जुलै
नर्सने दिलेली कपड्यांची पिशवी आज उघडली. कोटाचा उजवा खिसा ओलसर, चिकट. आत पांढरे दाणे एकमेकांना चिकटलेले. युरिया. हवा लागली की पाणी सुटतं त्याला.
मी डब्यावर वाकलेला असायचो आणि आप्पा पोत्यातून मूठ भरून घ्यायचे. धड उभं राहवत नव्हतं, तरी सहाव्या वाफ्यापर्यंत जायचे.
ताईला फोन लावला. नुसता रडलो.

६ जुलै
डायरेक्टरना सगळं सांगायचं ठरवून गेलो. सांगितलं एवढंच, की कंट्रोल बाद झाला, प्रयोग गेला. कसा, ते सांगितलं नाही. ते बरं म्हणाले आणि फाइल मिटली. विभागप्रमुख मॅडम होणार, हे शिपायाकडून कळलं.
तिथून फार्मवर गेलो. रजिस्टरमधलं ‘यंत्रदोष’ खोडलं. त्या जागी काय लिहावं ते सुचेना.
सहाव्या वाफ्याचा मका कमरेला आलाय. सवयीने डबा पालथा घातला, घड्याळ लावलं आणि आप्पांच्या खुर्चीत बसलो. तिथून तो वाफा समोरच दिसतो. माझी मात्र पाठच दिसत असणार त्यांना. अर्धा तास कधीच होऊन गेला. सुई हातातच राहिली.