डावीकडचा पक्षी

४ जून
चि. पिटुकलीस अनेक आशीर्वाद.

तू काढलेला वेलींचा नकाशा मागावर चढला आणि गालिचा निम्म्यावर आला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यंत्रांना वैतागून हातकामाकडे वळलेल्या त्या विलायती कलावंतांची तू भक्ती करतेस, पण त्यांच्या वेलींना पानं किती! एकेका पानात चार हिरवे. जीव मेटाकुटीला आला. तू नेहमीप्रमाणे उजवी बाजूच काढून पाठवलीस, डावी मी मनानंच उलटी विणतेय. आळशी ती आळशीच. ह्यांनी काढलेला फोटो सोबत आहे. भरपूर कौतुक कर, तुझे भावोजी काही बोलतील तर शपथ.

परवा दाराच्या चौकटीवर खांदा आपटून काळानिळा झाला. वय झालं, दुसरं काय.

माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई

१२ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.

उजवीकडची वेल पाहून हात लावावासा वाटला. पण ताई, डावीकडे काय झालं? खाली पानं बरोबर आहेत, वर विरळ होत गेलीत. पक्ष्याला चोच आहे, शेपूट नाही. शेपटीच्या जागेपासून डाव्या काठापर्यंत नुसता निळा. तू तर झोपेतसुद्धा डावी बाजू विणशील. नकाशात माझं काही चुकलं असेल तर सांग. नसेल तर मला भीती वाटतेय, आणि कशाची ते नीट कळत नाही. खांदा कुठला आपटला?

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.
तुझी पिटुकली

१९ जून
चि. पिटुकलीस आशीर्वाद, थोडे कमीच.

हातच्या काकणाला आरसा कशाला? दिवसभर गालिच्यासमोर मी बसते, तू नाही. पक्षी शेपटीसकट पुरा आहे. ह्यांना फोटो काढता येत नाही, त्याला मी काय करू? खांदा डावा. बरं मग?

राग उतरला की पुन्हा लिहीन.
ताई

२० जून
चि. सौ. मेहुणीबाईंस आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझं पत्र तिनं मला हसत वाचून दाखवलं. मी मागापाशी जाऊन पाहिलं, तर तू लिहिलंस ते खरं आहे. मला वाटायचं तिची भूक मंदावलीय. ती ताटातलं डावीकडचं तसंच ठेवते. काल मी गुपचूप ताट फिरवलं, तर उरलेलं सगळं जेवली आणि आधी का वाढलं नाही म्हणून माझ्यावरच चिडली. डॉक्टरांचं नाव काढलं की भांडते. तुझं ऐकेल. उशीर करू नकोस.

तुझे भावोजी

२४ जून
ती. ताईस सा. न.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, फोटोवरही नको. एकच कर. मागाच्या पाठीमागे जाऊन उभी राहा. तिकडून तुझं डावं ते उजवीकडे येतं. तिथे गाठी बघ. तुझ्या पत्रातल्या ओळीही आता कागदाच्या मध्यापासून सुरू होतात. ताई, मी फार घाबरलेय. तुझ्या पाया पडते, आजच बघ.

तुझीच पिटुकली

५ जुलै
चि. पिटुकलीस पोटभर आशीर्वाद.

गेले पाठीमागे. पक्ष्याला शेपूट नव्हतं. मग पुढे आले, तर पक्षी पुन्हा पुरा दिसला. शेपूट नाही याच्यापेक्षा हे भयंकर होतं. चाळीस वर्षं ज्या डोळ्यांच्या भरवशावर विणलं, तेच माझ्याशी खोटं बोलत होते.

आता दवाखान्यातून लिहितेय. कागद माझ्या उजवीकडे हे सरकवून देतात. मेंदूत उजवीकडे गाठ निघाली, तिच्यामुळेच मला डावीकडचं काही जाणवत नाही म्हणे. जन्मभर गाठी मारल्या, ही एक कुणी मारली कोण जाणे. गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असता तर काही करता आलं नसतं. आताही खात्री ते देत नाहीत. ह्यांच्यासमोर मी थट्टा करते, कारण ते काळजीनं अर्धे झालेत. तुला खरं सांगते, मला रडू येतं.

तू बुधवारपर्यंत ये. आणि मी शुद्धीवर येईन तेव्हा खाटेच्या उजव्या बाजूला बस. डावीकडे बसलीस, तर मला वाटेल तू आलीच नाहीस.

तुझी ताई