इस्त्री ओढायची नाही, ठेवायची

प्रिय ताई,

आधी आपलं भांडण संपवते. तुझं म्हणणं, धुऊन वाळवलेल्या कापडावर इस्त्री कशीही ओढली तरी काही बिघडत नाही, मीच उगाच शास्त्र करत बसते. बिघडतं गं बाई! अख्खं कापड असेल तेव्हा उभ्या धाग्याच्या दिशेने ओढ हवी तितकी. पण एकदा चौकोन कापून एकमेकांना शिवले की ओढायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. ओढलीस की कापड तिरकं ताणलं जातं आणि गोधडी पुरी झाल्यावर कुठेतरी फुगते, कुठेतरी खेचते. तू जन्मभर सगळं रेटूनच नेलंस, इस्त्रीसुद्धा. असो. आता खरं लिहिते. मला फार भीती वाटतेय, ताई. माझी बोटं बधिर होत चालली आहेत. पेन नीट धरलंय की नाही हेसुद्धा बघून ठरवावं लागतंय, म्हणून अक्षर असं कोंबडीचे पाय झालंय. यावेळी तरी हसू नकोस.

झालं असं. तुझ्यासाठीच गोधडी करायला घेतली होती, सांगणार नव्हते. नवं कापड धुतलं, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल आणि रंग जायचा तो जाईल. थोडं दमट असताना इस्त्री केली. मग कापण्याआधी ते खडखडीत वाळलंय ना, हे मी नेहमी बोटांच्या मागच्या बाजूने बघते. गार लागलं तर थांबायचं, दमट कापलं तर तुकडे मागाहून आटतात. गार नाही लागलं. एकशेवीस चौकोन कापले. दुसऱ्या दिवशी मांडले तर एकही शेजाऱ्याला जुळेना, कुणी तांदळाएवढा आखूड, कुणी त्याहून जास्त. मी दुकानदाराला शिव्या घातल्या, पट्टीला घातल्या, टेबल हलवलं म्हणून यांना घातल्या. हे बिचारे उरलेलं कापड उचलून म्हणाले की अगं, हे तर अजून दमट आहे. ज्या माणसाला आजवर शर्टाचं बटण लावता आलं नाही त्याला कळलं, आणि मला नाही! मी म्हटलं, तुमचे हातच ओले असतील. पण हे गेल्यावर तेच कापड गालाला लावून बघितलं, तर गार लागलं.

त्यानंतर चारच दिवसांनी. नवे चौकोन शिवून शिवणी दाबत होते. इस्त्री उचलली की मी डाव्या हाताने शिवण थोपटते, गरम आहे तोवर चपटी बसते. एकदम जळका वास आला. मला वाटलं, गेलं कापड. उलटंसुलटं करून डाग शोधला, टेबलावरच्या आच्छादनाखाली बघितलं, इस्त्रीचा तवा बघितला. कुठे काही नाही. डाग माझ्या बोटावर होता. करंगळीशेजारच्या बोटाची कातडी पांढरी होऊन वर आली होती आणि मला पत्ताच नव्हता. मी खाली बसले. रडूही येईना. सारखं वाटत होतं, हे बोट दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

तुला आठवतंय, आईच्या हातून कप किती फुटायचे? आपण तिला धांदरट म्हणायचो, तीही हसायची. चहा आणताना आपण दोघी मुद्दाम मोजायचो, आज किती गेले. मग ती ब्लाउजचे हूक लावायला आपल्याला हाक मारू लागली, तेही बाबा उठायच्या आत. तू चिडायचीस, शाळेला उशीर होतो म्हणून. मी लावून द्यायचे, पण तोंड वाकडं करून. आपण त्याला वय झालं म्हणालो. ताई, ती तेव्हा बावन्न वर्षांची होती. मी परवा पन्नासची झाले. तिला एकदाही कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, आणि तिनेही कुणाला कधी सांगितलं नाही की तिला किती भीती वाटतेय. वाटत असणारच. मला आता कळतंय ना.

मी गेले डॉक्टरकडे. यांना सांगितलं, अस्तर आणायला चाललेय. डॉक्टरीणबाई वयाने आपल्या लेकीएवढी, पण समजूतदार. तिने डोळे मिटायला लावले आणि टाचणी टेकवत विचारत गेली, टोकाची बाजू की बोथट? मी अंदाजाने उत्तरं देत होते, गणिताच्या तासाला द्यायचे तशी. तीस वर्षं सुया टोचून घेतल्या, दर वेळी आई गं म्हटलं, आणि तिथे बसून देवाला विनवत होते की एकदा तरी टोचू दे. ती म्हणाली, घाबरू नका, काही कारणं अशी असतात की औषधाने पूर्ण बरं होतं. काही मात्र घराण्यातून येतात, तीही लवकर कळली तर सांभाळता येतात. रक्त घेतलं. आईचं सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं.

मग तिने विचारलं, भावंडं किती? आणि ताई, मी म्हटलं, कुणी नाही, मी एकटीच. का म्हटलं, विचारू नकोस. तोंडातून निघून गेलं. तुझं नाव घेतलंच नाही तर ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही, असं काहीतरी खुळं मनात आलं. बाहेर आले आणि तुझं काम आठवलं. तू रोज कारखान्यात त्या कापायच्या यंत्रापाशी उभी असतेस, चाळीस थर कापडाचे आणि पुढे फिरतं पातं, आणि कापड सरकवायला तुझी बोटं. म्हणून हे पत्र. फोनवर बोलायला लागले असते तर मी पुन्हा इस्त्रीवरच भांडले असते. हात जोडते, उद्यापासून त्या यंत्राला हात लावू नकोस. रजा काढ, आजारी म्हण, काहीही म्हण. गुरुवारी दहा वाजता माझे रिपोर्ट आहेत, तू सोबत ये. मी तिला सांगणार आहे की ही माझी सख्खी मोठी बहीण, हिचेही हात बघा. तिथे सगळ्यांसमोर मला हवं तेवढं बोल, पण ये. आणि तुझ्या बोटांना टाचणी टोचली तर मोठ्याने ओरड. येऊन मला खोटं पाड, ताई.

तुझीच,
भित्री भागूबाई