शंभरपैकी किती?

चिरंजीव हार्योनो यास, पत्ता अज्ञात असला तरी आशीर्वाद संपूर्ण.

मनोरुग्णांच्या भ्रमांची तीव्रता मोजण्याचे माझे सत्कार्य अव्याहत चालू आहे. आज सुलास्त्रीबाई आल्या. शेजारणीने करणी करून पोटात खिळे घातले, अशी त्यांची दृढ धारणा. "शंभरपैकी किती खात्री?" मी सगांभीर्य पृच्छा केली.

"ऐंशी. एक्स-रेत खिळे दिसले नाहीत ना, म्हणून वीस कापले. पण डॉक्टर, खिडकीत तो दुसरा कॉफीचा पेला रोज कुणासाठी असतो हो?"

"धाकट्या भावासाठी. नऊ वर्षांपूर्वी मासेमारीला गेलाय. येईल."

"होडी सापडली?"

"रिकामी सापडली."

"मग खात्री किती?"

"शंभर!" मी तत्क्षणी उद्गारलो.

बाईंनी माझ्याच पेन्सिलीने माझ्याच तक्त्यात तो अंक लिहिला आणि हळूच म्हणाल्या, "अगंबाई, माझ्याहून वीस जास्त!"

मी वज्राहत झालो. अंक पुसण्यास खोडरबर उचलले, पण हात चालेना.

उद्याही तुझी कॉफी ठेवीन. मात्र गार झाल्यावर ओतून न देता स्वतः पिईन. तेवढे वीस मीही कापले, असे समज.

तुझा दादा,
सुदार्तो